आमदारांचं मराठी पत्रक लिहायला बसताय? आधी कन्नड क्रियापदाची शेपटी बघा

सीमाभागातल्या एका आमदारांच्या कार्यालयात मी चार वर्षं मराठी पत्रक लिहिलं. कोणते आमदार ते सांगत नाही. बेळगाव जिल्ह्यात १८ मतदारसंघ आहेत, त्यातला कुठलाही समजा. दर तीन महिन्यांनी चार पानांचं पत्रक निघायचं: कुठला रस्ता झाला, पाण्याच्या योजनेचं काय झालं, शाळेच्या खोल्या, हेस्कॉमचे, म्हणजे वीज कंपनीचे, ट्रान्सफॉर्मर, बसच्या फेऱ्या. मजकूर माझा, सही साहेबांची. ही वाटणी नीट लक्षात ठेवा. चूक तुमच्या हातून होते आणि ती खपते त्यांच्या नावावर.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. कन्नड दहावीपर्यंत होतं, पास होण्यापुरतं. बाजारात, बसमध्ये, बँकेत कन्नड बोलायला मी अडत नव्हते, त्यामुळे मला कन्नड येतं असा माझा पक्का समज होता. सरकारी कन्नड ही वेगळीच भाषा आहे हे कुणी सांगितलं नाही. तालुका पंचायत, लोकोपयोगी खातं (म्हणजे सार्वजनिक बांधकाम), पाणीपुरवठा, सगळीकडून येणारे कागद कन्नडमध्ये. १९६३ च्या कायद्याने राज्याची कारभाराची भाषा कन्नड आहे, तेव्हा ते तसेच येणार. तक्रार करून तुमचं पत्रक वेळेत निघत नाही. वाचायला शिका.

आणि वाचायला शिकताना सगळ्यात घात करतात ते ओळखीचे शब्द. अनोळखी शब्द आला की माणूस थांबतो, कुणाला तरी विचारतो. ‘अंदाजु पत्रिके’ वाचून कुणी थांबत नाही, सरळ ‘अंदाजपत्रक’ लिहितो, आणि वाचणाऱ्याला वाटतं बजेटमध्ये तरतूद झाली. ते असतं इंजिनिअरने काढलेलं खर्चाचं एस्टिमेट. ‘परिशीलनेयल्लिदे’ म्हणजे कुणी परिशीलन वगैरे करत नाहीये, फाईल तपासणीत पडून आहे. ‘अवकाश कल्पिसलागिदे’ म्हणजे तरतूद केली आहे. आपल्याकडे ‘अवकाश आहे’ म्हणजे अजून वेळ आहे! ‘कामगारी’ म्हणजे काम, कामगिरी नव्हे. ‘चुक्के गुरुतिन प्रश्ने’ हा विधानसभेतला तारांकित प्रश्न. पहिल्या खेपेला मी त्याला ‘ठिपक्याचा प्रश्न’ केलं होतं, ते छापायच्या आधी सापडलं म्हणून वाचले.

पण हे सगळं किरकोळ. मला खरं बुडवलं ते एका ओळीने.

एका वाडीतून हायस्कूलकडे जाताना ओढा लागतो. पावसाळ्यात तो भरला की पोरांची शाळा बंद. त्यावर फरशी पूल हवा म्हणून गावाची जुनी मागणी. खात्याच्या तक्त्यात त्या कामासमोर लिहिलं होतं: ‘अनुमोदनेगागि सल्लिसलागिदे’. मला ‘अनुमोदने’ कळत होतं, मंजुरी. ‘लागिदे’ही कळत होतं, झालं आहे. मधलं मी गिळलं. पत्रकात पहिल्या पानावर, आकड्यासकट, ठळक अक्षरात टाकलं: फरशी पुलास मंजुरी.

आता ती ओळ फोडून सांगते, कंटाळा आला तरी वाचा. ‘अनुमोदने’ला ‘गागि’ लागलं की अर्थ होतो ‘मंजुरीसाठी’. ‘सल्लिसलागिदे’ म्हणजे ‘सादर केलं आहे’. म्हणजे झालं होतं ते सादर करणं. मंजुरी झालीच नव्हती. मंजुरी मिळाली असती तर तिथे ‘अनुमोदने नीडलागिदे’ असतं. दोन्ही वाक्यांची सुरुवात एक, शेवट एक, आणि मधे दोनतीन अक्षरांत एक अख्खा पूल वाहून जातो.

शेपट्या तीन आहेत, त्या भिंतीवर चिकटवा. ‘लागिदे’: केलं आहे. ‘लागुत्तिदे’: करणं चाललं आहे. ‘लागुवुदु’: करण्यात येईल. पहिल्या दोघांतला फरक डोळ्यांना पटकन दिसत नाही, तिसऱ्यातल्या ‘येईल’ला तारीख नसते. आणि ‘लागिदे’ दिसलं म्हणून हुरळू नका. नेमकं काय ‘लागिदे’, ते मागच्या शब्दात शोधा. मी तिथेच आपटले.

पत्रक वाटलं गेलं. गावात पेढे वाटले, वेशीवर साहेबांच्या फोटोचा फलक लागला. जून आला, ओढा भरला, पूल नाही. पुढच्या जनसंपर्क बैठकीत एक तात्या उठले. शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यात रेशन कार्डाबरोबर आमचं पत्रक घडी करून ठेवलेलं. ते त्यांनी उलगडलं आणि मला विचारलं, “पोरी, हे तूच लिवलीस न्हवं? मग पूल कुठं हाय ओ?” साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला आजही ती पिशवी आठवली की पोटात खड्डा पडतो.

साहेब गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, “पुढच्या पत्रकात चूक छाप. माझ्या नावानं.” कार्यालयातल्या सगळ्यांचं मत होतं की शेवटच्या पानावर, खाली, बारीक अक्षरात टाकावं. मी पहिल्या पानावर टाकलं, आधीच्या बातमीएवढ्याच अक्षरात. शिव्या पडल्या. पण चूक ज्या आकारात केली त्याच आकारात दुरुस्त करायची, यावर मी अजून ठाम आहे.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली: ‘मंजूर’ हा शब्द एकटा लिहायचाच नाही. काम कुठल्या पायरीवर आहे ते लिहायचं. गावाची मागणी, मग आमदारांचं शिफारसपत्र, मग क्रियायोजनेत (खात्याच्या कामांच्या यादीत) नाव, मग एस्टिमेट, प्रशासकीय मंजुरी, तांत्रिक मंजुरी, टेंडर, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश). तेवढं झालं की खडी पडते. शिफारसपत्राला लोक मंजुरी समजतात, आणि खरं सांगायचं तर बरेच कार्यकर्ते तसं समजू देतात. आमदारांच्या स्थानिक विकास निधीचंही तसंच. वर्षाला २ कोटी, पण आमदार कामं सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून होते. पत्रकात ‘आमदारांनी १० लाख दिले’ असं लिहिलं की गावातला पहिला माणूस दुसऱ्या दिवशी पैसे मागायला दारात उभा असतो, यात अतिशयोक्ती नाही.

टेंडर निघालं का, याची खात्री खात्यातल्या ओळखीच्या माणसाकडून करू नका. राज्याच्या केपीपीपी या सरकारी खरेदी-टेंडरच्या पोर्टलवर ते कुणालाही बघता येतं. ओळखीचा माणूस “निघालंय की” म्हणतो, कारण त्यालाही फोन लवकर ठेवायचा असतो. कार्यादेशाची मात्र झेरॉक्स हातात घ्या. नुसता फोनवर नंबर नको.

मोबाईलवरच्या भाषांतराबद्दल: वापरा, पण आधी स्वतः वाचून झाल्यावर. ते गोडगोड मराठी देतं आणि नेमकी ती शेपटी खातं. मागच्या वर्षीचं पत्रक उघडून आकडे बदलायचे, हा दुसरा शॉर्टकट. त्याने मी दोनदा एकच शाळाखोली बांधली. कुदळ मारतानाचे फोटो पहिल्या पानावर टाकू नका असं मी चार वर्षं सांगितलं, चारही वर्षं ते पहिल्या पानावरच गेले. तिथे तुमचं काही चालणार नाही, जीव आटवू नका.

शिकायचं कुणाकडून? जो पहिल्याच दिवशी “सोपं असतं ओ, आकडे टाकायचे” म्हणतो, त्याच्याकडून अजिबात नको. मला शिकवलं ते एका निवृत्त कन्नड शाळामास्तरांनी. रोज संध्याकाळी अर्धा तास, एक सरकारी पत्र, मोठ्याने वाचायचं. समजावण्याआधी ते मला चुकू द्यायचे. कार्यालयातल्या कुणाकडेही तेवढा धीर नव्हता, आणि माझ्याकडेही नव्हता. कन्नड अंकांत ६ आणि ९ चा घोटाळा होतो तो त्यांनीच दाखवला. रस्त्याची लांबी आणि रकमा छापायच्या आधी म्हणूनच दोघांनी वाचाव्यात.

योजनांच्या ओळी लिहिताना आपल्या भागाची एक भानगड असते: हद्द. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी साध्या बसमध्ये तिकीट नाही. पलीकडे महाराष्ट्रात त्याच वर्षीच्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. दोन्ही सवलती आपापल्या राज्याच्या हद्दीपुरत्या. आता आमच्याकडच्या निम्म्या सुनांचं माहेर चंदगड-गडहिंग्लजकडे. ‘महिलांना मोफत प्रवास’ एवढंच छापलंत की कोल्हापूरच्या गाडीत कंडक्टरशी भांडण ठरलेलं, आणि भांडताना हातात पत्रक तुमचं. ‘राज्याच्या हद्दीत’ हे दोन शब्द जास्त लिहायला काही पडत नाही. कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेत बाईला महिन्याला मिळणाऱ्या २००० रुपयांचंही तसंच. रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख बाई हवी, आणि ती किंवा नवरा आयकर भरत असेल तर नाही. अट छापा, नुसता आकडा नको.

निवडणुकीच्या काळात पत्रक काढायची वेळ आली तर आधी आचारसंहिता लागलीय का बघा, आणि छापखान्याचं व प्रकाशकाचं नाव-पत्ता खाली असल्याशिवाय प्रत बाहेर जाऊ देऊ नका. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात ते स्पष्ट आहे. छापखानेवाल्याला माहीत असतं, तरी विचारा.

हिवाळी अधिवेशन सुवर्णसौधमध्ये, म्हणजे बेळगावच्या विधानभवनात, भरलं की तुमच्या टेबलावर कागदांचा ढीग पडेल. २०१२ ला ती इमारत उभी राहिली तेव्हापासून आमच्या कार्यालयात डिसेंबर म्हणजे रात्रीचा चहा. घाबरू नका. लेखी उत्तरांची भाषा पाचपन्नास वाक्यांतच फिरते, तिसऱ्या अधिवेशनाला तुम्ही ती न अडखळता वाचाल. पहिल्या अधिवेशनात मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते, हेही सांगून टाकते. आणि एका ‘परिशीलनेयल्लिदे’साठी मी खात्यात सहा फोन केले होते. आता एकात भागतं.

पुलाचा कार्यादेश त्यानंतर दुसऱ्या वर्षी आला. झेरॉक्स हातात घेतली, मास्तरांना वाचून दाखवली, आणि पत्रकात आतल्या पानावर एक ओळ टाकली: कार्यादेश निघाला, तारीख अमुक. ‘लवकरच’ नाही, ‘शुभारंभ’ नाही. पेढे कुणी वाटले नाहीत. तात्यांचा मात्र फोन आला. त्यांना कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येतं हे मला तेव्हा कळलं.

“पोरी, वाचलं. ह्या खेपेला ‘लागिदे’ हाय का ‘लागुवुदु’?”

“लागिदे, तात्या.”

“काय लागिदे?”

“कार्यादेश.”

“बरं. मग खडी पडली की फोन कर,” म्हणाले, आणि ठेवून दिला.