हॅरोत माणसं कमी मरत होती का? जुने आरोग्य अहवाल वाचताना या चुका टाळा

लंडनच्या वायव्येकडच्या हॅरोचे १९५० च्या आसपासचे आरोग्य अहवाल पहिल्यांदा चाळले की चाट पडायला होतं. मृत्युदर देशाच्या सरासरीहून कमी! हवा चांगली, लोक सुखवस्तू, म्हणून असेल, असं म्हणून मी मोकळा झालो होतो. तुम्ही होऊ नका.

१९३४ मध्ये हॅरो-ऑन-द-हिल, वील्डस्टोन आणि हेंडन ग्रामीण विभाग एकत्र करून हा जिल्हा झाला. मेट्रोपोलिटन रेल्वेच्या कडेने घरं उठली आणि त्यांत राहायला आली ती बहुतेक तरुण जोडपी. १९५१ च्या जनगणनेत इथे सुमारे २ लाख १९ हजार लोक होते. अशा वस्तीत मरणं कमीच असणार. उलट वर्दिंगसारख्या समुद्रकाठच्या गावात निवृत्त मंडळी जाऊन राहत, तिथे दर चढा दिसे. म्हणून रजिस्ट्रार जनरलचं, म्हणजे देशातल्या जन्म-मृत्यूंच्या नोंदी सांभाळणारं, कार्यालय प्रत्येक जिल्ह्याला वय आणि लिंग यांचा हिशेब करून एक तुलना-गुणक द्यायचं, जन्मांसाठी वेगळा, मृत्यूंसाठी वेगळा. त्याने दराला गुणलं की वयाचा फरक निघून जातो. समजा तरुण उपनगराचा कच्चा दर (हजार लोकांमागे वर्षाचे मृत्यू) ९.० आणि गुणक १.१५, तर सुधारित दर १०.३५. म्हाताऱ्यांच्या गावाचा कच्चा दर १८ आणि गुणक ०.६०, तर १०.८. आधी एक दर दुसऱ्याच्या दुप्पट दिसत होता, आता फरक हजारी अर्ध्या मृत्यूहूनही कमी उरला.  तक्त्यात हा गुणक बहुतेकदा दराच्याच खालच्या ओळीत असतो, आणि नेमकी तीच ओळ आपण ओलांडतो.

मृत्यू कुठल्या जिल्ह्याच्या खात्यात पडतो, हेही बघा. एजवेअरचं मोठं रुग्णालय शेजारच्या हेंडन शहराच्या हद्दीत (वर आलेल्या ग्रामीण विभागाहून हे वेगळं). हॅरोचा माणूस तिथे गेला तर मृत्यू हॅरोच्याच नावावर वळता व्हायचा. जन्मांचंही तसंच, आईचा पत्ता बघून. आपल्याकडे नोंद घटना घडेल तिथे होते, त्यामुळे ठाण्याचा रुग्ण मुंबईत दगावला तर नोंद मुंबईत. ती सवय डोक्यात ठेवून इंग्लंडचे आकडे वाचले की घोळ होतो.

१९४१ ची लोकसंख्या शोधत बसू नका. युद्धामुळे ती जनगणना झालीच नाही. १९३१ नंतर थेट ८ एप्रिल १९५१. मधली वर्षं अंदाजांवर, आणि युद्धकाळात त्या अंदाजांत फक्त नागरिक धरलेले. सैन्यात गेलेले बाहेर. छेद लहान झाला की दर फुगणारच.

१९४० पासून गोवर आणि डांग्या खोकल्याची नोंद देशभर सक्तीची झाली. त्या सुमाराला आलेख वर गेला तर साथ आली असं लगेच म्हणू नये. १९५० मध्ये मृत्यूच्या कारणांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची सहावी आवृत्ती लागू झाली. आधीचे आणि नंतरचे आकडे थेट जुळत नाहीत, तेव्हा कारणांच्या तक्त्यात १९४९ आणि १९५० यांच्यामध्ये पेन्सिलीने एक रेघ मारून ठेवावी.

बालमृत्युदराचा छेद जिवंत जन्म, लोकसंख्या नव्हे. मृतजन्म दराचा छेद मात्र जिवंत आणि मृत मिळून सगळे जन्म. २,५०० जन्मांत ५० बालकं गेली तर दर हजारी २०. पुढच्या वर्षी ६० गेली तर २४. आरोग्य अधिकाऱ्याला धारेवर धरण्याआधी पाच वर्षांची सरासरी काढा. दहाबारा मृत्यूंचा चढउतार निव्वळ योगायोगानेही होतो.

शेवटची चूक यंत्राची. लंडन परिसराचे हे अहवाल वेलकम संग्रहाने (लंडनमधलं आरोग्याच्या इतिहासाचं ग्रंथालय-संग्रहालय) स्कॅन करून ठेवलेत, मजकूर शोधताही येतो. पण त्या काळी दशांशचिन्ह ओळीच्या मध्यावर छापत, आणि संगणक ते सहज गिळतो. ११·३ चं ११३ होतं. हजारी ११३ मृत्यू दिसले तर प्लेगची शंका घेण्याआधी मूळ पानाचं चित्र उघडा, मृत्यूंना लोकसंख्येने भागा आणि हजाराने गुणा.