हरभरा पायलीनं पेरू नका, बी आधी काट्यावर ठेवा

जिरायत हरभऱ्याची पेरणी 10 ऑक्टोबरच्या आत उरकायची आहे. पाऊस थांबलाय, ऊन तापतंय, काळ्या रानाला भेगा पडायच्या बेतात आहेत. वरची दोन बोटं माती बाजूला करा आणि खालचं ढेकूळ मुठीत दाबा. गोळा झाला तर आजच तिफण जोडा. भुगा झाला तर जिरायतीचा नाद सोडून पाण्याखालच्या रानाचं बघा.

या घाईत दरवर्षी एकच गोष्ट राहते. बी कुणी तोलत नाही. घरातली पायली काढतात आणि वाडवडिलांच्या हिशेबानं एकरी इतक्या पायल्या तिफणीत ओततात. तो हिशेब चाफा या बारीक दाण्याच्या जुन्या वाणाचा होता. आता घरात दिग्विजय, विशाल नाहीतर काबुली असे टपोऱ्या दाण्याचे वाण आहेत. पायलीत बसणारं वजन जवळपास तेवढंच, पण दाणा टपोरा असल्यामुळे दाण्यांची संख्या बरीच कमी. मग महिन्याभरानं रान विरळ दिसतं आणि दोष बियाणे कंपनीला नाहीतर मर रोगाला दिला जातो. मर असतेच, पण अशा कितीतरी रानांत मी ओळीत बसून पाहिलंय, मेलेलं रोपच सापडत नाही. तिथं दाणाच पडलेला नसतो.

पायली हे माप आहे, वजन नाही. कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली ही सगळी भरायची मापं. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी, आणि त्यातही गावागणिक फरक. घोळ असा की शेर आणि मण हीच नावं वजनालाही आहेत. तोलायचा शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे 933 ग्रॅम. असे 40 शेर म्हणजे मण, 37 किलो 320 ग्रॅम. जुना मुंबई मण मात्र 28 पौंडांचा, 12 किलो 700 ग्रॅमच. नंदुरबारकडून गुजरातेत माल नेणाऱ्यांना 20 किलोचा मण माहीत आहे. तेव्हा कुणी ‘एकरी मणभर टाक’ म्हणालं तर आधी विचारा, कुठला मण? सरकारनं 1956 साली कायदा करून किलो आणला, पण कणगीजवळची पायली काही हलली नाही. धान्य द्यायघ्यायला राहू दे की. पेरणीला नको.

कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे एकरी बी असं लागतं:

विजय: 26 ते 28 किलो
दिग्विजय, विशाल, विराट: 40 किलो
टपोरा काबुली: 50 ते 52 किलो

घरचं बी असेल तर 100 दाणे मोजून सोनाराच्या काट्यावर ठेवा. जितके ग्रॅम भरतील त्याला 1.33 नं गुणा, तितके किलो एकराला. 30 बाय 10 सेंटिमीटर अंतराला एकरी 1 लाख 33 हजार रोपं बसतात, त्यावरून हा आकडा येतो. 20 ग्रॅम भरले तर साडेसव्वीस किलो, 30 भरले तर 40. गोणपाटात उगवण तपासा आणि शंभरातले जितके उगवले नाहीत त्या मानानं बी वाढवा.

पायलीनंच मोजायची सवय असेल तर एकदा आपलीच पायली त्याच बियानं भरून तोला आणि आकडा रंगानं बुडावर लिहा. शिगेची, म्हणजे वर रास येईपर्यंत भरलीत की सपाट, तेही लिहा. शीग सोडून दिली तर हिशेब पुन्हा चुकतो.

बीजप्रक्रियेतही हेच. ‘मूठभर पावडर’ हे माप नव्हे. ट्रायकोडर्मा, म्हणजे मर रोखणारी उपयोगी बुरशी, किलोला 5 ग्रॅम, म्हणजे 40 किलोला 200 ग्रॅम. त्यानंतर रायझोबियम (नत्राचं) आणि पीएसबी (स्फुरदाचं) ही जिवाणू खतं, 10 किलोला प्रत्येकी 250 ग्रॅम, गुळाच्या पाण्यात. सावलीत सुकवून लगेच पेरा. संध्याकाळी पेरलेलं जास्त एकसारखं उगवतं असं मला वाटतं. पुस्तकात ते लिहिलेलं नाही. ही पाकिटं कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठात स्वस्तात मिळतात. दुकानदार डीएपी खताच्या गोणीला लिंकिंग म्हणून, म्हणजे गोणीसोबत घ्यायलाच लावून, टॉनिकची बाटली गळ्यात मारेल. ती घेऊ नका, पक्कं बिल मागा. तेवढ्या पैशात चांगला ताणकाटा येतो.

बाकीची कामं:

बागायत पेरणी: 20 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर
खत: डीएपी एकरी 50 किलोची एक गोणी, पेरून
कोळपणी: 20 आणि 30 दिवसांनी
पाणी, भारी रान: 30–35 आणि 60–65 दिवसांनी
कामगंध सापळे (घाटेअळीचे नर पतंग पकडायला): एकरी 2
पक्षीथांबे: एकरी 8
घाटेअळी: सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क

ओळीच्या मीटरभरात एक-दोन अळ्या दिसायला लागल्या तर इमामेक्टीन बेंझोएट 5 टक्के, 10 लिटरला 4.4 ग्रॅम. आपला पंप 16 लिटरचा असेल तर 7 ग्रॅम. टोपणानं मोजू नका, प्रत्येक बाटलीचं टोपण वेगळं असतं. युरियाची गोणीही आता 45 किलोची आहे, 50 ची धरून हिशेब करू नका.

कापूस विकायला निघालेल्यांसाठी एवढंच: बातम्यांत खंडीचा भाव येतो तो रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, आणि ती खंडी 356 किलोची. शंभर किलो कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, म्हणजे एका खंडीला साडेदहा क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. खंडीच्या भावाला साडेदहानं भागा, म्हणजे क्विंटलमागचे रुईचे पैसे कळतील, सरकीचे पैसे त्यात मिळवा, जिनिंगचा खर्च वजा करा आणि मगच व्यापाऱ्याशी बोला.