लाइट गेली की नळही गेला: ऑन्टॅरियोच्या खेड्यात घर घेणाऱ्यांसाठी

कॅनडातल्या ऑन्टॅरियो प्रांतात पीटरबरो, ओरिलिया, लिंडसे या गावांच्या पलीकडे, गावाबाहेरच्या रस्त्यावर घर घेत असाल तर सामान हलवण्याआधी एक हिशेब समजून घ्या. भारनियमन आपल्याला नवं नाही. पण आपल्याकडे लाइट गेली तरी गच्चीवरच्या टाकीचं पाणी दिवसभर तरी पुरतं. इथे गच्ची नाही आणि वर टाकीही नाही. पाणी येतं बोअरमधून, आणि त्या बोअरमधला पंप विजेवर. वीज गेली की नळ बंद, फ्लश बंद. घर गरम करणारी भट्टी प्रोपेन गॅसवर असली तरी गरम हवा ढकलणारा पंखा विजेवरच, म्हणून घर गार. तळघरात साचणारं पाणी उपसणारा संप पंपही थांबला. मेणबत्त्या सगळ्यांत शेवटी आणा.

सरकारी सल्ला ७२ तासांच्या तयारीचा आहे. शहरात तो ठीक. खेड्यात दोन आठवडे धरा, कारण दुरुस्ती आधी मुख्य वाहिन्यांची, मग जिथे जास्त घरं एका फटक्यात सुरू होतात तिथली. चार घरांचा तुमचा रस्ता शेवटी. जानेवारी १९९८ च्या बर्फवादळात पूर्व ऑन्टॅरियो आणि क्युबेकमधली काही घरं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. २१ मे २०२२ चं वादळ ऐन वसंतात आलं. मार्च २०२५ च्या अखेरीस ओरिलिया-पीटरबरो पट्ट्यात गोठणाऱ्या पावसाने झाडं तारांवर आडवी झाली. म्हणजे धोका फक्त जानेवारीत असतो असंही नाही.

आधी पाणी. तळघरात निळी किंवा करडी दाबाची टाकी असते, तिच्या खाली गोल काट्याचं मीटर. काटा ४० आणि ६० च्या मध्ये खेळत असतो (जुन्या घरांत ३० आणि ५०). वीज गेल्यावर काटा खाली येईपर्यंत जेवढं पाणी निघेल तेवढंच तुमचं, साधारण दोन कळशा. ते फ्लशला घालवू नका, प्यायला काढून घ्या. वादळाचा इशारा आला की बाथटब भरा, तो फ्लशसाठी. एका फ्लशला ६ लिटर, जुन्या कमोडला १३. पिण्या-स्वयंपाकाचं पाणी माणशी रोज ४ लिटर, म्हणजे चौघांना दोन आठवड्यांसाठी सव्वादोनशे लिटर. एवढं बहुतेक कुणी साठवत नाही, म्हणून निम्मं साठवा आणि उरलेलं जनरेटरवर काढा. पूर आला, बोअरच्या झाकणावरून पाणी गेलं, तर तपासणी होईपर्यंत खळखळून उकळूनच प्या. विहिरीच्या पाण्यातल्या जिवाणूंची तपासणी प्रांतात फुकट होते, बाटली स्थानिक आरोग्य कार्यालयातून आणायची. एरवीही वर्षातून दोनतीनदा करा.

जनरेटरमध्ये नवीन माणूस हमखास फसतो. २००० वॅटचा छोटा, आवाज न करणारा इन्व्हर्टर जनरेटर सेलमध्ये दिसतो, घेतला जातो, आणि पहिल्याच वादळात कळतं की पंप चालत नाही. बोअरचे पंप बहुतेक २४० व्होल्टचे, त्या जनरेटरला फक्त १२० चा सॉकेट. शिवाय अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप चालताना हजारेक वॅट घेतो, पण सुरू होताना त्याच्या दुप्पट-तिप्पट ओढतो. सतत ५००० वॅट देणारा, २४० व्होल्टचा सॉकेट असलेला घ्या. तो घराला जोडायचा ट्रान्सफर स्विचमधूनच (घर बाहेरच्या तारांपासून तोडून जनरेटरवर घेणारा स्विच), परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून, रीतसर नोंद करून. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून ड्रायरच्या सॉकेटमध्ये खुपसायचा जुगाड इथेही लोकांना माहीत आहे. तसं केलं तर तुमची वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमधून जाऊन हजारो व्होल्टची होते आणि खांबावर चढलेला माणूस मरतो.

जनरेटर घरापासून निदान ६ मीटर लांब, धुराचं तोंड खिडक्यांच्या उलट दिशेला. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत चालवणं म्हणजे घरात कार्बन मोनॉक्साइड सोडणं. या वायूला वास नसतो. कोळशाची शेगडी आणि बार्बेक्यूही आत नको. झोपायच्या खोल्यांजवळ अलार्म कायद्याने लागतोच, त्यातली बॅटरी मात्र तुम्हीच बघायची. निम्म्या लोडला तासाला साधारण दोन लिटर पेट्रोल जातं. म्हणून दिवसभर चालवू नका: सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, तेवढ्यात पाणी भरा, फ्रीझर गार करा, भट्टी चालवा. गीझरचा ब्रेकर बंद ठेवा, तो एकटाच ४५०० वॅटपर्यंत खातो. २० लिटरचे दोन डबे पाच दिवस जातील. डबे वेगळ्या शेडमध्ये, पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (ते लवकर खराब होऊ न देणारं रसायन) घालून ठेवा, आणि दर वसंतात ते गाडीत ओतून नवीन भरा. पेट्रोल पंपही विजेवर चालतात, तेव्हा कोणत्या पंपाकडे स्वतःचा जनरेटर आहे हे आधीच विचारून ठेवा. जनरेटर सुरू न होण्याचं नेहमीचं कारण कार्ब्युरेटरमध्ये चिकटलेलं जुनं पेट्रोल. महिन्यातून एकदा त्यावर हीटर लावून जनरेटर २० मिनिटं चालवा, मग इंधनाचा नळ बंद करून आपोआप थांबू द्या.

लाकडाची चूल घरात असेल तर ती जनरेटरपेक्षा भरवशाची. पण घर घेतानाच तिची प्रमाणित तपासणी करून घ्या, विमा कंपनी कागद मागते. लाकूड 'कॉर्ड'वर विकतात आणि तिथे घोळ होतो. बुश कॉर्ड म्हणजे ४ बाय ४ बाय ८ फुटांची रास. फेस कॉर्ड म्हणजे १६ इंची ओंडक्यांची एकच ओळ, त्याचा तिसरा भाग. भाव विचारताना कोणता कॉर्ड ते विचारा. थंडीत रात्रंदिवस जाळलं तर एक बुश कॉर्ड साधारण महिनाभर पुरतो. दोन ओंडके एकमेकांवर आपटून बघा: सुकं लाकूड टणटण वाजतं आणि त्याच्या कापलेल्या तोंडावर चिरा दिसतात, ओलं धप्प करतं. ओलं लाकूड धुमसतं, चिमणीत डांबरासारखी काजळी चढते, आणि एक दिवस ती काजळीच पेट घेते. चिमणी वर्षातून एकदा साफ. राख झाकणाच्या धातूच्या बादलीत, लाकडी डेकपासून लांब. आतले निखारे दिवसांमागून दिवस जिवंत राहतात.

प्रोपेनची टाकी ८० टक्क्यांच्या वर भरतच नाहीत, तेव्हा तक्रार करू नका. ३० वर आली की मागवा. वाट बर्फाने बंद असेल तर गाडी परत जाते. बर्फ काढणाऱ्याशी ऑक्टोबरातच ठरवा, आणि रस्त्यावरची घरक्रमांकाची पाटी उघडी ठेवा, अग्निशमनवाले तीच शोधतात.

खाण्याचं आपल्याला सोपं आहे. प्रेशर कुकर, दोन शेगड्यांचा कॅम्पिंग स्टोव्ह (बाहेर वापरायचा), चौघांना ६ किलो तांदूळ, ३ किलो मूगडाळ. तूरडाळ इंधन जास्त खाते. मेतकूट, पोहे, भाजणी, लोणचं. सगळं घट्ट झाकणाच्या डब्यांत, कारण शरद ऋतूत उंदीर घरात शिरतात. भरलेला फ्रीझर न उघडता ४८ तास टिकतो, फ्रिज चारच तास. इन्सुलिन मात्र बाहेरच्या थंडीत ठेवू नका, गोठलं की वाया.

घर शून्याकडे जायला लागलं आणि उष्णता द्यायला काहीच नसेल तर पाईप रिकामे करा. पंपाचा आणि गीझरचा ब्रेकर बंद. तळघरातला सर्वांत खालचा नळ उघडा, मग सर्वांत वरचा, म्हणजे हवा शिरून पाणी उतरेल. फ्लश करून टाक्या रिकाम्या करा. सिंकच्या आणि कमोडच्या वाकड्या नळ्यांत आरव्हीचं (फिरत्या घर-गाड्यांच्या नळांसाठीचं) न गोठणारं गुलाबी अँटीफ्रीझ अर्धा-अर्धा लिटर ओता. गाडीच्या इंजिनाचं नको, ते विषारी. गीझरची टाकीही त्याच्या खालच्या नळाने उपसा. वीज परत आली की आधी पंप, मग गरम पाण्याचा नळ उघडून धार अखंड येईपर्यंत थांबा, आणि त्यानंतरच गीझरचा ब्रेकर चढवा. रिकाम्या टाकीत त्याची कॉइल मिनिटभरात जळते.