मधूनच बंद पडणारी जुनी डिझेल पिकअप: बिघाड कसा पकडायचा

गाडी बंद पडली की पहिला संशय पंपावर (नॉझलला दाबाने डिझेल देणारा) नाहीतर नॉझलवर (इंजिनात डिझेल फवारणारी) जातो. दोन्ही उघडून बसवले तरी गाडी पुन्हा त्याच चढावर दम सोडते, कारण खोट बरेचदा टाकी ते फिल्टर एवढ्याच भागात असते. म्हणून पंपाला हात सगळ्यात शेवटी. पुढचे सगळे मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी आहे. कॉमन रेल, म्हणजे नव्या पद्धतीच्या कॉम्प्युटरवाल्या गाडीत नॉझलचे पाइप घरी ढिले करू नका, तिथला दाब जीवावर बेतू शकतो.

बंद पडते कशी?

चावी काढल्यासारखी खटकन बंद पडली, ना झटका ना धूर, तर आधी करंट तपासा. गाडीने वेग धरला नाही, झटके दिले, रेस दाबूनही आवाज चढला नाही आणि मग बंद पडली, तर डिझेल कमी पोचतेय. झटक्यांसोबत पांढरा धूर असेल तर लाइनने एअर धरली, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरली असण्याची शक्यता जास्त. काळा धूर म्हणजे बहुधा हवा अपुरी. टाकीत डिझेल किती होते, किती किलोमीटरवर बंद पडली आणि किती मिनिटांनी परत लागली, हे दरवेळी कागदावर लिहा. बिघाड कधीमधीच येतो, गॅरेजात तर हमखास येत नाही. तिथे हा कागदच कामी येतो.

टाकी

पंधरा-वीस किलोमीटर नीट चालून बंद पडते, दहा मिनिटे थांबलो की जणू काही झालेच नाही अशी लागते? बंद पडल्या पडल्या टाकीचे झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला तर ब्रीदर (टाकीत हवा जाण्याचे छिद्र) बुजला आहे. पांदणीतला चिखल तिथे बसतो, कधी कुंभारीण माशी त्यात मातीचे घर करते. तारेने साफ करा. तोवर झाकण थोडे ढिले ठेवून वर स्वच्छ फडके बांधून चालवून बघा. त्रास गेला तर कारण सापडले.

आवाज आला नाही तर टाकीतली जाळी बघा. इंजिन ओढते तेव्हा गाळ जाळीला चिकटतो, बंद पडले की सुटून खाली बसतो, म्हणून गाडी परत लागते. डिझेल पाव टाकीच्या खाली गेले की हा त्रास वाढतो. झाकण उघडे ठेवून फीड पंपाकडचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाकडचा) पाइप काढा आणि पायपंपाने टाकीच्या दिशेने हवा मारा. गाडी सुधारली आणि आठवड्यात परत बिघडली तर टाकी उतरवून धुवावीच लागेल. वावरात ड्रममध्ये डिझेल साठवत असाल तर तळाचे चार बोटे डिझेल गाडीत ओतू नका. फिल्टरखालचा स्क्रू सोडून पारदर्शक बाटलीत पेलाभर डिझेल काढा, थोडा वेळ ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळे दिसेल.

एअर

सगळ्यात जास्त माणसे इथे फसतात, कारण टाकी ते फीड पंप हा भाग ओढीचा असतो. तिथे फट असली तर डिझेल बाहेर गळेलच असे नाही, हवा आत जाते. पाइप कोरडा दिसतो आणि तपासणी तिथेच थांबते. फिल्टर ते पंप या पाइपऐवजी हातभर पारदर्शक डिझेल पाइप तात्पुरता लावा. इंजिन गरम झाल्यावरही बुडबुडे येत राहिले तर मागे कुठेतरी फट आहे. बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर, हँड पंपाचे (हाताने डिझेल चढवायच्या पंपाचे) सील, फिल्टरची रबर रिंग आणि क्लॅम्पखाली तडकलेला रबरी पाइप, या क्रमाने बघा. आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात रबर लवकर कडक होते. वॉशर नवीनच टाका. मिळाला नाही तर जुना लाल होईपर्यंत तापवून थंड करा, तांबे मऊ होते आणि परत बसते.

खात्रीचा उपाय कॅनचा. पाच लिटर स्वच्छ डिझेल फिल्टरच्या वरच्या उंचीवर पक्के बांधा, फीड पंपाचा ओढीचा पाइप त्यात सोडा. रिटर्नही (उरलेले डिझेल परत नेणारा पाइप) त्यातच सोडा, नाहीतर कॅन बघता बघता रिकामा होतो. इंजिन तासभर न अडखळता चालले तर दोष टाकीत किंवा तिच्या पाइपात.

एअर काढताना फिल्टरचा वरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे संपेपर्यंत हँड पंप मारा आणि डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळा. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका.

करंट

रोटरी पंपावर (मेकॅनिकल पंपाचाच एक प्रकार) स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे चावीच्या करंटवर डिझेल चालू-बंद करणारा भाग असतो. चावी ऑन केली की टक् असा आवाज यायला हवा. सोलेनॉइडच्या वायरवर मीटर लावून चावीचा जुडगा हलवा, फ्यूज दाबा, वायर ओढून बघा. 12 व्होल्टचा आकडा मधूनच पडला तर दोष वायर, फ्यूज किंवा चावीत. आकडा ठीक पण गरम झाल्यावर टक् होत नाही, तर सोलेनॉइडच गेला. बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिन ते चेसिस अर्थिंगची पट्टी सोडून घासून परत आवळा. स्टॉप केबलच्या (केबल ओढून इंजिन बंद करायच्या) गाडीत इंजिन माउंटिंग बसले तर केबल आपोआप ओढली जाते, तेही बघा.

हवा

कापसाच्या हंगामात एअर फिल्टर आणि रेडिएटरची जाळी रुईने भरते. जाळीला हवा इंजिनच्या बाजूने बाहेर मारा.

आता पंप

इंजिन थंड असताना एका झटक्यात लागते, पण गरम असताना बंद केली की तासभर लागत नाही? इंजिन बंद असताना रोटरी पंपावर ओले फडके पाच-सात मिनिटे ठेवा. त्यानंतर लागली तर पंपाचा हेड-रोटर (डिझेलला दाब देणारा आतला भाग) झिजलेला असणार: गरम डिझेल पातळ होते आणि आतल्या आत निसटते. मग पंप कॅलिब्रेशनवाल्याकडे द्या, आणि नोंदींचा तो कागदही सोबत द्या.