विरंगुळा केंद्राचा प्लॅन संडासापासून सुरू करा

आर्किटेक्चरच्या थिसिसला ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र घेतलं की पहिलं स्केच बहुतेक वेळा मोठ्या हॉलचं निघतं. ते बाजूला ठेवा. आधी फाटकापासून संडासापर्यंतची वाट आखा. ती अवघड असली की म्हातारी माणसं पाणी प्यायचं टाळतात, मग यायचंच टाळतात.

जोतं, म्हणजे जमिनीपासून फरशीची उंची, 450 मिमी धरलं तर 1:12 उताराने (एक मीटर चढायला बारा मीटर लांबी) रॅम्प 5.4 मीटर लागतो, शिवाय वर-खाली दीड-दीड मीटर सपाट जागा. हे 8.4 मीटर सुरुवातीलाच बसवले नाहीत तर शेवटी उरेल तेवढ्या जागेत 1:8 चा रॅम्प कोंबला जातो, आणि व्हीलचेअर ढकलणाऱ्या आजीही सत्तरीच्या असतात! शेजारी पायऱ्या हव्यातच, 150 मिमी चढाच्या. गुडघे दुखणाऱ्या बऱ्याच जणांना उतारावरून उतरण्यापेक्षा कठडा धरून पायरी उतरणं सोपं जातं.

संडासाचं दार 900 मिमी मोकळं आणि बाहेर उघडणारं ठेवा. कोणी आत पडलं तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगाला अडतं. व्हीलचेअर वळायला 1500 मिमी व्यासाची जागा सोडा, कमोडची सीट 450 ते 480 मिमी उंच. सगळ्यात जास्त चुकतो तो आधाराचा दांडा. उठताना माणूस सगळा भार त्यावर टाकतो. चार इंची भिंतीत स्क्रूच्या नुसत्या प्लास्टिक प्लगवर बसवलेला दांडा ढिला होतो. म्हणून वीटकाम चालू असतानाच दांड्याच्या उंचीवर काँक्रीटची पट्टी भरून घ्या आणि ती उंची ड्रॉइंगवर लिहा. उंबरा नको. पॉलिश केलेली कोटा फरशीही नको, ओली झाली की पाय घसरतो.

नाशिकच्या थंडीत सकाळचं कोवळं ऊन हीच मोठी सोय, म्हणून बसायची जागा आग्नेयेला. काळ्या दगडाचा कट्टा दिसतो छान, पण जानेवारीत गारठतो नि मे महिन्यात तापतो. त्यावर लाकडी फळ्या, मागे पाठ आणि उठताना रेटा द्यायला हात हवेत.

भजन आणि कॅरम एकाच हॉलमध्ये ठेवू नका. घुमणाऱ्या आवाजात कानयंत्र लावणाऱ्याला काहीच उमगत नाही.

अभ्यासासाठी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर किंवा सिडकोतल्या एखाद्या बागेत सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला बसा, मोजायची टेप जवळ ठेवा. "काका, काही अडचण आहे का?" असं विचारलंत तर "सगळं छान आहे, बाळा" एवढंच ऐकू येईल. त्याऐवजी "इथे आल्यावर बाथरूमला कुठे जाता?" असं विचारा.