उल्हास नदीचा तळ कसा झिजतो-भरतो याचं संगणकी मॉडेल करताय? आधी शून्य कुठलं ते बघा

कल्याणच्या खाली उल्हास नदी राहत नाही, खाडी होते. नवखे नेमके याच सांध्यावर फसतात, आणि फसलोय हे महिनाभर कळतही नाही.

कल्याणच्या वरचे नदीचे क्रॉस-सेक्शन (आडवे छेद) सरासरी समुद्रसपाटीपासून मोजलेले असतात. खाडीतली खोली आणि भरतीचे तक्ते मात्र चार्ट डेटमवर, म्हणजे ओहोटीच्या खालच्या पातळीजवळ धरलेल्या सागरी नकाशाच्या शून्यावर. मुंबईजवळ या दोन शून्यांत सुमारे २.५ मीटर अंतर आहे. चार्टवर खोली ३ मीटर असेल, तर समुद्रसपाटीच्या हिशोबात तळ उणे ५.५ वर, उणे ३ वर नव्हे. तक्त्यातली ४.६ मीटरची भरती मॉडेलच्या खालच्या टोकाला २.१ म्हणून द्यायची.

समजा भरती बरोबर दिली आणि खाडीचा तळ चार्टच्याच आकड्यावर राहिला. सांध्यावर अडीच मीटरचा खोटा उंबरठा उभा राहतो. त्यामागे वेग पडतो, गाळ बसतो. उंबरठा स्वतः झिजत जातो. दोन-चार पावसाळे चालवले की तळ गुळगुळीत, आणि नकाशा इतका पटणारा की वाटावं, नदी खरंच गाळाने भरतेय. मॉडेलने फक्त तुमची चूक बुजवलेली असते!

म्हणून प्रत्येक सेक्शनचा सर्वांत खोल बिंदू घेऊन नदीच्या लांबीवर रेघ काढा. जोडावर पायरी दिसली तर दोन्ही सर्व्हे जिथे एकमेकांवर येतात तिथले आकडे वजा करा. फरक सगळीकडे सारखाच आला तर डेटम चुकलंय. जागोजागी बदलला तर रेती उपशाचा खड्डा असू शकतो, तो घाईने सपाट करू नका. घाबरायचं कारण नाही, दुरुस्ती एका वजाबाकीची आहे.

मग तळ पक्का ठेवून आधी फक्त पाणी चालवा. निदान दोन ठिकाणी भरती-ओहोटीची उंची आणि वेळ मोजणीशी जुळेपर्यंत मॅनिंगचा एन (तळाच्या खडबडीतपणाचा आकडा) बदलत राहा. त्याआधी तळ मोकळा सोडणं, म्हणजे त्याला बदलू देणं, ही शुद्ध वेळेची नासाडी. रंगीत नकाशाआधी सर्व्हेची मूळ शीट मागणारा गाइड मिळाला तर त्याला सोडू नका.

मेयर-पीटर–म्युलर हे गाळवहनाचं सूत्र रेती-खडीसाठी आहे. खाडीच्या चिकट चिखलाला लावू नका, तिथे झीज आणि बसणं यांची वेगळी सूत्रं लागतात. मॉर्फॅक, म्हणजे तळबदल जितक्या पटीने वेगाने चालवायचा तो आकडा, २० ठेवायचा मोह होईल. आधी एक छोटा पट्टा मॉर्फॅक १ वर चालवून दोन्ही तळ एकावर एक काढून बघा.