गप्प बसलेल्या संशयिताला कसं विचारायचं

गोव्यात डिचोलीकडे पोलिसात असताना नव्या फौजदाराला मी पहिलं हेच सांगायचो: समोरचा गप्प बसला म्हणून टेबलावर हात आपटू नकोस. घटनेच्या कलम २०(३)नुसार आरोपीवर स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती करता येत नाही. ठाण्यातल्या चौकशीलाही ते लागू आहे, हे सुप्रीम कोर्टाच्या १९७८च्या नंदिनी सत्पथी निकालानं स्पष्ट झालं. संशयिताला हा हक्क आधीच सांग. वकिलाला भेटायचं म्हणाला तर भेटू दे. पूर्ण वेळ शेजारी बसवायचं बंधन मात्र नाही.

खरं काम पुढेच. स्कूटरचोरीतला एकजण दोन तास 'माहीत नाही'वर अडून होता. मी त्याला चहा दिला नि चोडण बेटाकडे फेरी सुटते त्या रायबंदरच्या धक्क्यावरचं चित्रण बघून आलो. मग एवढंच विचारलं, "चोडणात कोणाकडे गेला होतास?" 'चोरलीस ना?' असं कधी विचारू नये, मान हलवून मोकळा होतो.

तसंही पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही. त्याच्या सांगण्यावरून स्कूटर सापडली, तर तेवढाच भाग चालतो. म्हणून पंच, म्हणजे साक्षीदार, आधी बोलाव, स्कूटर दडवलेल्या झुडपाकडे नंतर चल. उत्तर दिलं नाही तर डायरीत तसंच लिही, रंगवू नकोस.